उपासाच्या कप्प्यातलं मीठ

जोडवी

पायातली जोडवी निघेनात, तिथून माझं आजारपण सुरू झालं असं मी धरते. डॉक्टर म्हणतात ते त्याच्या लय वर्षं आधीपासून चालू होतं. असेल. ब्लडप्रेशर वाढलं होतं म्हणे, पण ते मोजायला कोण जातंय? डोकं दुखलं की कपाळाला बाम चोळायचा आणि भाकरी थापायला बसायचं, एवढंच मला ठाऊक. बोरीला आमचं किराणा दुकान आहे. पुढं दुकान, मागं घर. सकाळपासून गिऱ्हाईक, पाव्हणेरावळे, कोणीतरी येतंच. अशा घरात बाईला आजारी पडायचं म्हटलं तरी सवड काढावी लागते.

उन्हाळ्यात पाय सुजले, मी म्हटलं उन्हानं. मग सकाळी उठलं की डोळे बारीक दिसायचे, मी म्हटलं झोप जास्त झाली. माझी सून रेणुका दोनदा म्हणाली, "आत्या, तुमचं तोंड सुजल्यावानी दिसायलंय." आमच्याकडं सुना सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्याला मामा. मी तिलाच टोमणा दिला, "तुझ्या हातचं खाऊन गुटगुटीत झाले म्हण की."

मग एक दिवस जोडवं बोटात रुतलं. साबण लावला, तेल लावलं, दोरा गुंडाळला, काही उपयोग नाही. सोनाराकडून कापूनच काढावं लागलं. माझा मुलगा मन्मथ पाय धरून बसला होता. त्यानं नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर तिथं खड्डा पडला तो भरेचना. पोरगं घाबरलं. "आप्पा, दुकान बंद करा, जिंतूरला जायचंय," असं वडलांना म्हणाला. एरवी दुकान बंद करायचं नाव काढलं की आमचे हे दोन तास भांडतात. त्या दिवशी गपचूप शटर ओढलं.

परभणीचा दिवस

जिंतूरच्या डॉक्टरांनी ब्लडप्रेशर मोजलं, मशीन बदलून परत मोजलं, मग लघवी तपासली आणि चिठ्ठी देऊन परभणीला पाठवलं. परभणीत किडनीचे डॉक्टर वेगळे. आधी सोनोग्राफी केली. पोटावर ते गार चिकट लावून पोरगी बराच वेळ मशीन फिरवत राहिली आणि काहीच बोलेना. ती बोलेना म्हणूनच मला कळलं की काहीतरी झालंय.

डॉक्टर वयानं मन्मथएवढेच असतील. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "आजी, दोन्ही किडन्या आकसल्यात."

मला आजी म्हटलं याचाच मला आधी राग आला. अजून नातू झाला नव्हता मला.

ह्यांनी विचारलं, "मंग गोळ्यांनी त्या पहिल्यासारख्या होतील न्हवं?"

"नाही काका. जी गेली ती परत येत नाही. उरलीय ती किती दिवस टिकवायची, एवढंच बघायचं. त्यातलं निम्मं माझ्या औषधात आहे आणि निम्मं यांच्या ताटात. ब्लडप्रेशर आणि सूज आवरली नाही, तर डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल. त्याच्या आधी हातावर एक ऑपरेशन करावं लागतं, रक्ताची नळी जोडायची. त्याला फिस्टुला म्हणतात. ते लांबवायचं असेल तर मीठ कमी करा."

मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक लहानसा चमचा काढून दाखवला. दिवसभराचं सगळं मिळून एवढं, ह्याच्यापेक्षा कमीच. लोणचं, पापड, फरसाण, खारे दाणे, बेकरीचं खारी-टोस्ट, सगळं बंद. मी त्या चमच्याकडं बघतच राहिले. एवढं मीठ आमच्या घरी नुसत्या आमटीच्या फोडणीला जायचं.

बाहेर येताना डायलिसिसची खोली लागली. दार उघडं होतं. माझ्याच वयाची एक बाई नळ्या लावून पडली होती आणि तिचं रक्त त्या मशीनमधून फिरत होतं. शेजारी तिचा नवरा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होता. मी तिथंच थांबले. मी ह्यांना म्हटलं, "मला ती मशीन नको. काय वाट्टेल ते खाईन, काय वाट्टेल ते सोडीन, पण ती नको." हे म्हणाले, "न्हाई लागू द्यायचो." स्टँडवर त्यांनी मला केळी घेऊन दिली, ती एसटीत मांडीवर तशीच राहिली.

अळणी

लोकांना वाटतं मीठ सोडणं म्हणजे काय, चार दिवस जिभेला जड जाईल आणि मग सवय होईल. सवय होते, पण ते चार दिवस नसतात. माझे दोन महिने तर नुसते रडण्यात गेले.

रेणुका लय शिस्तीची. माझ्यापुरती भाजी आधी लहान पातेल्यात काढायची, मग बाकीच्यात मीठ टाकायची. पण ज्या तोंडानं उभी हयात येसर, ठेचा, शेंगाची चटणी आणि धपाटे खाल्ले, त्या तोंडाला अळणी वांगं म्हणजे ओला कापूस. आमटी म्हणजे हळद टाकलेलं गरम पाणी. मी घास तोंडात फिरवत बसायचे आणि शेवटी ताटाला नमस्कार करून उठायचे. आम्ही लिंगायत, ताटात टाकलेलं अन्न हा आमच्यात प्रसाद, तो उष्टा टाकायचा नसतो. म्हणून मी वाढूनच अर्धी भाकर घ्यायला लागले, पुढं पुढं चतकोर.

येणारे-जाणारे वेगळेच. माझी चुलत जाऊ आली, माझं ताट बघितलं आणि रेणुकासमोरच म्हणाली, "बाई बाई, सून आल्यापासून काय दशा झाली हो तुमची." रेणुका चहा ठेवायला आत निघून गेली. मी जावेला झापायला पाहिजे होतं, पण मला बोलायचंही त्राण नव्हतं.

आमच्या ह्यांची गंमत अशी की माणूस आजारी आहे यापेक्षा माणूस जेवत नाही याची त्यांना जास्त फिकीर. दुपारी दुकान मन्मथवर सोडून ते आणि मी बरोबर जेवतो, लग्न झाल्यापासून तसंच. ते माझ्या ताटाकडं बघत बसायचे आणि त्यांचाही घास उतरायचा नाही.

ह्याला काय होत न्हाई

आता आमच्या दुकानाची मांडणी सांगते, त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मिठाच्या पिशव्यांचं पोतं दुकानाच्या पायरीशी, बाहेर. मीठ कोणी आत घेत नाही, ओल धरतं. आतमध्ये गल्ल्याच्या डोक्यावर उपासाचा कप्पा. तिथं साबुदाणा, भगर, राजगिरा आणि शेंदेलोण. तो कप्पा हे स्वतः लावतात, आंघोळ झाल्याशिवाय त्याला हात लावू देत नाहीत. शेंदेलोण म्हणजे ते गुलाबी खडे, कुटून बारीक केलेले. आमच्या घरात सोमवार सगळ्यांचा. सोमवारी भगरीत साधं मीठ चुकून पडलं तर उपास मोडला म्हणायचं. शेंदेलोण मात्र चालतं.

तर एक दिवस दुपारी जेवायला बसलो आणि ह्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्टीलची डबी काढली. झाकण उघडून माझ्यापुढं ठेवली.

"हे घे. ह्याला काय होत न्हाई."

मी म्हटलं, "अहो, डॉक्टर मीठ नको म्हणलेत."

"मंग हे मीठ हाय का? मीठ असतं तर सोमवारी चाललं असतं का? तूच सांग."

बरोबरच होतं की. मी पण जन्मभर तेच मानत आले. मी चिमूट उचलली, आमटीत टाकली, आणि पहिला घास खाल्ला तेव्हा डोळ्यात पाणी आलं. दीड भाकर खाल्ली त्या दिवशी. ह्यांनी मला खाताना बघून स्वतः दुसरी भाकर मागितली. रेणुका वाढायला आली, तिनंही ती डबी बघितली. "हे बरं केलं मामा," म्हणाली. कोणी कोणापासून काही लपवलं नाही. आणि मीठ नव्हेच म्हटल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा? ताकात, काकडीवर, भाताच्या पेजेत, मी सढळ हातानं घ्यायला लागले.

कॅन

पुढच्या तपासणीला सूज होती तेवढीच, उलट वाढली होती. ब्लडप्रेशर खाली यायला तयार नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. त्याच्या पुढच्या वेळी आकडा अजून वर गेला, त्या क्रिएटिनीनचा. आमचे हे त्याला किरॅटिन म्हणतात. डॉक्टर वैतागले. म्हणाले, एका दिवसाची सगळी लघवी साठवून आणा, शरीरात मीठ किती जातंय ते त्यात कळतं.

लाज वाटण्यासारखं काम, पण केलं. दुसऱ्या दिवशी हे तो पांढरा कॅन पिशवीत घालून एसटीत मांडीवर धरून बसले, हिंदकळू नये म्हणून. गावातलं एक माणूस शेजारी येऊन बसलं आणि म्हणालं, "आप्पा, करडीचं तेल न्यायलात का?" हे "व्हय" म्हणाले. मला इतकं हसू आलं की सुजलेले गाल दुखले. आजारपणात हसलेलं आठवतं ते तेवढंच.

रिपोर्ट आल्यावर हसायचं राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, "मीठ भरपूर चाललंय. वरून घेता का?"

मी अगदी खऱ्यानं म्हटलं, "न्हाई."

"लोणचं, पापड?"

"शिवत पण न्हाई."

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

त्या दिवशी रेणुका बरोबर आली होती. आम्ही तिघांनीही तिच्याकडं बघितलं, मी, हे आणि मन्मथ. ती म्हणाली, "सर, आत्याच्या भाजीत मी मिठाचा कण टाकत न्हाई." डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट तर वेगळं सांगतोय. असंच चाललं तर येत्या काही महिन्यांत फिस्टुला करावा लागेल."

घरी आल्यावर मन्मथनं आवाज चढवला. "आईच्या जिवाशी खेळायलीस का तू? अंदाजानं टाकत असशील, ध्यान कुठं असतंय तुझं?" ती त्या दिवशी जेवली नाही. मला ते ऐकू येत होतं. मलाही वाटत होतंच की चूक तिचीच असणार, दुसरं कोण आहे चुलीशी?

राखण

दुसऱ्या दिवसापासून हे स्वयंपाकघरात पाट टाकून बसायला लागले. ज्या माणसानं कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरला नाही तो सुनेच्या हाताकडं बघत बसायचा.

"ते डबं कशाचं हाय?"

"हळदीचं, मामा."

"उघडून दाव."

ती उघडून दाखवायची. मग धन्याची पूड, मग जिरं. मिठाची बरणी तर तिनं आदल्याच दिवशी उचलून दुकानात नेऊन ठेवली होती. बाकीचेही अळणीच जेवायचे आणि पाहिजे त्यानं ताटात वरून घ्यायचं. एकदा ती म्हणाली, "मामा, तुमीच फोडणी द्या ना, मी बाजूला बसते." हे म्हणाले, "तसं न्हाई पोरी, राग मानू नको, पण जिवाचा सवाल हाय." आणि अशी राखण करून झाली, ताटं वाढली गेली, की ह्यांच्या खिशातून डबी निघायची. माझ्या वांग्यावर ते स्वतःच्या हातानं शेंदेलोण भुरभुरायचे.

आज लिहिताना हे दिसतंय तसं तेव्हा दिसलं नाही. तिघंही एका जागी होतो, कोणी आंधळं नव्हतं.

श्वास

दिवाळीनंतर एक दिवस सकाळी आंघोळ करून उठले तर श्वास पुरेना. छातीवर कोणी बसल्यासारखं. आडवं व्हावं तर जास्तच कोंडायचं. बोलायला गेले तर शब्दामागं शब्द येईना. मन्मथनं जीप आणली. बोरी ते परभणी मी खिडकीबाहेर तोंड काढून बसले होते आणि एकच विचार, की आता ती मशीन लागणार.

छातीत पाणी झालं होतं. ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली, लघवीची नळी घातली. मशीन त्या वेळी लागली नाही, काठावरून परत आले असं डॉक्टर म्हणाले.

वॉर्डातलं जगणं म्हणजे दुसऱ्याच्या घड्याळावर जगणं. उजाडलं की वजनकाट्यावर उभं राहायचं. दिवसाचं पाणी एका बाटलीत मोजून मिळायचं, ती संपली की संपली. मी झाकणानं पाणी प्यायला शिकले. शेजारच्या खाटेवर पिंगळीच्या एक बाई होत्या, डायलिसिसवाल्या. त्या मला लिंबाची फोड द्यायच्या. "भाजलेलं जिरं चुरा आणि ह्याचे चार थेंब पिळा, मिठाची आठवण कमी होती," म्हणाल्या. मी त्यांना मशीनचं विचारलं, लय दुखतं का. त्या म्हणाल्या, "दुखतं. पर माणूस जगतंय. भ्यायचं न्हाई, आन स्वतःहून बोलवायचंबी न्हाई." त्या बाईनं मला जेवढा धीर दिला तेवढा घरच्यांनाही देता आला नाही, कारण घरचे माझ्यापेक्षा जास्त घाबरलेले होते.

खाटेवर

सूज उतरली आणि मला जेवायला दिलं त्या दिवशीची गोष्ट. रेणुका घरून डबा घेऊन आली होती. अळणी मुगाची डाळ आणि भाकरी. हे खाटेच्या कडेला बसले, सवयीनं खिशात हात घातला आणि डबी काढली. तेवढ्यात डॉक्टर राऊंडला आले.

"काका, हे काय?"

"शेंदेलोण हाय सायेब. उपासाचं."

"रोज देता?"

"रोज. त्याच्याबगर ती जेवतच न्हाई."

डॉक्टरांनी डबी हातात घेतली. बोट लावून जिभेवर ठेवलं. मग ते खाटेवरच बसले, डॉक्टर लोक असे बसत नाहीत. म्हणाले, "काका, हे मीठच आहे. समुद्रातून काढलं काय आणि डोंगरातून काढलं काय, मीठ ते मीठच."

हे म्हणाले, "पर उपासाला चालतंय की."

"उपासाला चालतं. किडनीला चालत नाही." मग म्हणाले, "मी दर वेळी मीठ घेता का असं विचारत होतो. मी नाव घेऊन विचारायला हवं होतं."

हे डबीकडं बघत राहिले. झाकण लावलं, काढलं, परत लावलं. शेवटी माझ्याकडं न बघता म्हणाले, "डॉक्टर, माझ्यामुळं किती गेली?"

"आजार आधीचाच होता काका. यानं किती भर पडली ते कोणीच सांगू शकत नाही."

मला वाटतं, एक आकडा सांगितला असता तर बरं झालं असतं. आकडा माणूस पचवतो. किती गेलं हे कधीच कळणार नाही, हे त्यांना आजही पचत नाही.

रेणुका डबा घेऊन उभीच होती. मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. सासऱ्याला एवढंच म्हणाली, "मामा, पुढच्या सोमवारी मी माहेरी जाणार होते. कोणाला सांगितलं नव्हतं. परत येणार नव्हते."

ह्यांनी हात जोडले. सासऱ्यानं सुनेपुढं, भरल्या वॉर्डात. तिनं ते हात धरून खाली केले आणि म्हणाली, "भाकरी गार व्हायली, आत्याला जेवू द्या." मन्मथ घरी आल्यावर तिची माफी मागत होता ते मी भिंतीआडून ऐकलं. तिनं त्याला सहज सोडलं नाही. बरं केलं.

ज्यांच्या घरी हे दुखणं आहे त्यांना

मी काही डॉक्टर नाही. पण एवढं सांगते, ताटात पडणाऱ्या प्रत्येक खारट वस्तूचं नाव घेऊन डॉक्टरांना विचारा. शेंदेलोण, पादेलोण, पापडखार, खायचा सोडा. आणि ते दुकानात मिळतं ना, हलकं मीठ, तब्येतीला चांगलं म्हणून, ते तर विचारल्याशिवाय आणूच नका. त्यात दुसरा क्षार असतो आणि तो आमच्यासारख्यांच्या हृदयाला बाधतो. आमच्या दुकानातही होतं ते, मी वाचले म्हणायची.

आणि एक. पथ्याच्या माणसाला जेवू घालणाऱ्या बाईवर लगेच बोट ठेवू नका. बोट ठेवायला ती सगळ्यात सोपी असते म्हणून आपण ठेवतो.

हे आता उपासाच्या कप्प्यात शेंदेलोण ठेवत नाहीत. ते मिठाच्या पोत्याशेजारी आलंय. कोणी कुरकूर केली तर त्याला उभं करून आमची सगळी कथा सांगतात. पहिल्यांदा मला लाज वाटायची, बायकोचं दुखणं गिऱ्हाइकाला काय सांगायचं. आता सांगू देते.

हात

फिस्टुला करावा लागला. सगळं पथ्य नीट झालं, सूज गेली, ब्लडप्रेशर खाली आलं, तरी आकडा जिथं जाऊन बसला होता तिथून मागं आला नाही. डॉक्टर म्हणाले, मशीन आज नाही लागणार, पण हात तयार ठेवू, ऐनवेळी पळापळ नको. नांदेडला जाऊन डाव्या मनगटावर ऑपरेशन केलं. डावाच हात का, म्हणून हे डॉक्टरांशी हुज्जत घालायला लागले, कारण आम्ही पूजेला गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतो. डॉक्टरांनी सांगितलं, खुशाल घ्या, फक्त त्या हातानं जड उचलायचं नाही, घट्ट बांगडी नको आणि त्या हाताला ब्लडप्रेशर मोजू द्यायचं नाही. आणि रोज सकाळी मनगटावर बोटं ठेवून बघायचं, आत रक्ताची थरथर लागते, मांजर घुरघुरल्यासारखी. ती लागली नाही तर तसंच दवाखाना गाठायचा.

दवाखान्यातून आल्यापासून मी ह्यांच्याबरोबर जेवत नव्हते. भांडण नव्हतं. त्यांनी मारायला दिलं नव्हतं, जगवायला दिलं होतं, हे मला कळतं. पण समोर ताट घेऊन बसले की त्यांचा तो हात दिसायचा, भुरभुरणारा, आणि घास उचलवायचा नाही. मी रेणुकाबरोबर आत जेवायचे. ते बाहेर एकटे. त्यांनी एकदाही विचारलं नाही, कामून म्हणून. त्यांनी फक्त एक काम मागून घेतलं. रोज सकाळी आंघोळ झाली की माझ्यापुढं येऊन बसायचे, दोन बोटं मनगटावर ठेवायचे, डोळे मिटायचे. मग "चालू हाय" म्हणायचे आणि पूजेला जायचे. मी तोंड दुसरीकडं करून हात पुढं करायचे.

मागच्या महिन्यात एका सकाळी त्यांना माल आणायला परभणीला जायचं होतं. गाडी लवकरची. मी परसात होते, ते तसेच पिशव्या घेऊन स्टँडवर गेले. थोड्या वेळानं दुकानाच्या दारातून धापा टाकत आत आले. पिशव्या काखेत, कपाळावरची विभूती घामानं ओघळलेली. गाडीत बसून फाट्यापर्यंत गेले होते, तिथं उतरून पायी परत आले होते.

मी म्हटलं, "काय विसरलात?"

"हात बघायचा राह्यला."

"रेणुकानं बघितला असता की. मी बघितला असता."

ते तिथंच उंबऱ्यावर बसले आणि हात पुढं केला. मी माझा हात त्यांच्या हातात दिला. दम लागल्यानं त्यांची स्वतःचीच बोटं इतकी थरथरत होती की त्यांना काही कळेना. पुन्हा ठेवली, पुन्हा उचलली. चेहरा पांढरा पडला. "लागंना गं," म्हणाले, "मला लागंना." मग मीच त्यांची बोटं धरली, दाबून मनगटावर ठेवली आणि धरून बसले, त्यांचा दम खाली येईपर्यंत.

"आता?"

"चालू हाय," म्हणाले, आणि लहान लेकरासारखे रडायला लागले.

मशीन अजून लागलेली नाही. लागेल कधीतरी, मला ठाऊक आहे, आणि भीती गेलेली नाही. त्या दिवशी मी रेणुकाला आवाज दिला आणि म्हटलं, "दोन ताटं इथंच आण, बाहेर. मामा जेवून पुढच्या गाडीनं जातील."